शेवटच्या घाण्याचे कोट

ड्रायक्लीन म्हणजे कोरडी धुलाई असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा विठ्ठलवाडीला येऊन शालनचं मशीन बघावं. कपडे चांगले चिंब भिजतात, फक्त पाण्यात नाही, पर्क नावाच्या औषधात. दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर आणि पोटात गेलं काय नि श्वासात गेलं काय, विषारीच. मशीन कपडे घुसळतं, पिळतं, मग गरम हवेने ते औषध परत ओढून घेतं. काचेच्या नळीतून त्याची धार दिसते. धार थांबली तरी आणखी वीस मिनिटं दार उघडायचं नाही, कारण शर्ट-पँट लगेच वाळतात, कोटाच्या खांद्यातली गादी वाळत नाही.

हे सगळं शालनच नव्या बायकांना दरडावून शिकवायची. आणि त्या शुक्रवारी धार थांबल्या थांबल्या तिनेच मशीन बंद केलं.

बदलापुरात बेलवलीला एका ऑफिसचं उद्घाटन होतं. पाहुणे बाराला येणार, आणि तिथल्या वॉचमनांचे सोळा कोट साडेदहाला अजून मशीनमध्ये, शेवटच्या घाण्यात फिरत होते. त्यांचा सुपरवायझर गुरुदत्त सकाळपासून फोन करून डोकं खात होता. शालनने घाईघाईत एक कोट नाकाशी धरला. वास नव्हता. नऊ वर्षं पर्कजवळ काढलेल्या नाकाला कसला डोंबलाचा वास येणार! पण तेवढ्यावर तिने कोट बाहेर काढले, कॉलरवर इस्त्री फिरवली आणि पंधरा कोट व्हॅनमधल्या दांडीला लटकवले. सोळाव्याच्या खांद्यावरच्या पट्टीचं बटण तुटलं होतं, म्हणून तो राहिला.

व्हॅन चालवायचे तिचे सासरे, कोंडाजी. वय अडुसष्ट, पण गाडीवर हात पक्का. गाडीत कपडे असताना ते काच बोटभरही उघडत नसत. रस्त्याची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसते, आणि मग सून ज्या शब्दांत बोलते ते त्यांना माहीत होते. एसी लावून, फोन खणात टाकून ते निघाले.

शालन बटण लावायला बसली. सुई खांद्यातून आरपार गेली आणि खालच्या बोटाला काहीतरी गार लागलं. तिने गादी दाबली. बोटं ओली झाली.

"भागीरथीमावशी, जरा वास घ्या याचा."

इस्त्रीवर येऊन मावशींना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांनी कोट नाकाशी नेला आणि झटक्यात बाजूला केला. "अगं बाई, डोक्यातच गेला माझ्या! हे गाडीत दिलंस तू?"

बंद काचा, मे महिन्याचं ऊन, पंधरा कोटांचे तीस खांदे, आणि आत एकटा म्हातारा. आधी डोकं जड होतं, मग डोळ्यांपुढे अंधारी येते, मग झोप. हेही तीच शिकवायची. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. फोन त्या खणात वाजतोय आणि आबा स्टिअरिंगवर डोकं टेकून पडलेत, असं तिला स्पष्ट दिसू लागलं.

ती रिक्षात बसली. "बदलापूर रोड पकडो भैया, जल्दी. सफेद व्हॅन दिखी तो रोकना."

वाटेत गुरुदत्तचा फोन आला. "अहो मॅडम, साडेअकरा वाजले, गाडी कुठे आहे?"

"पोचली नाही?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

अंबरनाथ मागे पडलं. पुढे एका ठिकाणी रस्त्यावर माणसं जमली होती, ते बघून ती रिक्षातून अर्धी बाहेर वाकली. जवळ गेल्यावर ती उसाच्या रसाच्या गाडीभोवतीची गर्दी निघाली. तिने मनातल्या मनात गावच्या देवीला साडी कबूल केली, नवऱ्याला, संतोषला, काय तोंड दाखवायचं याचा विचार केला, तो अर्धवट टाकून पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही.

व्हॅन दिसली ती बदलापूरच्या अलीकडे. एक चाक गटाराच्या कठड्याला लागलेलं, काचा बंद, इंजिन चालू. ड्रायव्हरची सीट रिकामी.

"आबा!"

ते पलीकडे कठड्याला टेकून जमिनीवर बसले होते. चेहरा पांढराफटक, सदऱ्यावर उलटीचे डाग. डोळे उघडे होते. शालन त्यांच्यापुढे मटकन बसली.

तेच आधी बोलले, चोरट्यासारखे, खाली बघत. "उशीर झाला ना गं पोरी? गाडी रस्ता सोडून जाया लागली. हात माझं ऐकंनात."

"काच का नाही उघडलीत हो?"

"धूळ बसली असती की कोटावर." मग त्यांनी तिचं मनगट धरलं. "संतोषला सांगू नको. चावी काढून घेईल माझी. म्हातारपण आलं शालन, आता माझ्या डोक्याचा भरवसा न्हाय. इथं बसून तेच भ्या वाटतंय मघापासनं."

आता नुसतं गप्प बसलं तरी भागलं असतं. आबांना खरं कारण कधीच कळलं नसतं.

"आबा, कोट ओले होते," ती म्हणाली. "मी लवकर काढले. औषध होतं त्यात, तेच चढलं तुम्हाला. चूक माझी आहे."

शालनने मान खाली घातली. आता शिवी दिली, हात उगारला, तरी ती हलणार नव्हती.

"म्हणजे," कोंडाजींनी सावकाश विचारलं, "माझं डोकं ठीक हाय?"

तिने होकारार्थी मान डोलावली.

"अगदी ठीक?"

"अगदी, आबा."

म्हातारा हसायला लागला. उलटीने भरलेल्या सदऱ्यानिशी, रस्त्याच्या कडेला, गालावरून पाणी वाहेपर्यंत हसला. शालनने उठून व्हॅनच्या सगळ्या काचा एकेक करून उघडल्या.