सुतकातलं कासव

सत्यनारायणराव गेले त्याला नववा दिवस होता, आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या, जनकोजींच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण बोलणार कोण? जनकोजी म्हणजे रेल्वेतले निवृत्त हेडक्लार्क, वय शहात्तर, शिस्तीला पक्के. घर धाकट्याचं, पण सुतक कसं पाळायचं ते हेच सांगणार. फोडणी नाही, गादी नाही, देवपूजा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी टीव्हीवर एक पंचा टाकून ठेवला होता.

आणि आता भावजय म्हणत होती, टीव्ही लावायचा आहे.

त्रिपुरसुंदरीनं चाळीस वर्षांत थोरल्या दिरापुढे मान वर केली नव्हती. आजही ती जमिनीकडे बघूनच बोलत होती. "साडेपाचला त्यांचं कासव लागतं, अण्णा. आजचं शेवटचं. उद्यापासून दुसऱ्या कुणाचा आवाज घालणार आहेत. चॅनेलवाल्यांचा फोन आला होता."

या कासवाचं आधी सांगायला हवं. सत्यनारायणराव शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. हे वडपळनीच्या एका स्टुडिओत जाऊन मुलांच्या तमिळ कार्टूनमधल्या म्हाताऱ्या कासवाला आवाज द्यायला लागले. पाच वर्षं दिला. गल्लीतली पोरं त्यांना कासव आजोबाच म्हणायची. जनकोजींना मात्र शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "तंजावरच्या दरबारात आपले पूर्वज दफ्तरं सांभाळत होते, आणि हा कासव झाला!" असं ते चारचौघांत म्हणायचे. सत्यनारायणराव सुरुवातीला एकदोनदा म्हणाले, अण्णा, एक भाग बघा की. जनकोजी म्हणाले, वेळ नाही. पेन्शनर माणसाला वेळ नाही, घ्या! पाच वर्षांत त्यांनी एक भाग पाहिला नाही.

"सुतकात करमणूक?" जनकोजी कडाडले. "अय्यो, लोक तोंडात शेण घालतील. उद्या दहावा. तेवढा एक दिवस धीर धरवत नाही?"

"करमणूक कुठली, अण्णा? त्यांचा आवाज आहे तो."

"मग दिवस झाल्यावर फोनवर बघ."

"फोनवर नाही मिळत, पेरियप्पा," आतून कार्तिकेय म्हणाला. हा सत्यनारायणरावांचा मुलगा. तंजावरकडची ही मराठी घरं, थोरल्या काकाला हाक तमिळच. "मी सगळीकडे शोधलं."

"नाही म्हणजे नाही."

त्रिपुरसुंदरी उठली. तिनं टीव्हीवरचा पंचा काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. "दोष लागला तर मला लागू दे," ती म्हणाली.

जनकोजी तरातरा बाल्कनीत गेले. बाल्कनी म्हणजे काय, एक वॉशिंग मशीन आणि एक माणूस मावेल एवढी जागा. टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले. पण कानांना पाठ कशी करणार? गाणं झालं, समुद्राचा आवाज झाला, आणि मग सत्या बोलला.

तमिळमध्येच बोलत होता, शाळेत शिकवायचा तसा, एकेक शब्द सावकाश. नऊ दिवस हा आवाज घरात नव्हता. चित्रं आहेत, पोरखेळ आहे, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. तरी मान वळलीच.

पडद्यावर वाळूत एक इवलंसं पिल्लू बसलं होतं. त्याची आई समुद्रात गेली होती ती परत आली नव्हती. बाकीची पिल्लं निघून गेली, हे एकटंच हुंदके देत राहिलं. म्हातारं कासव हळूहळू त्याच्याजवळ आलं आणि वाळूत टेकलं. आणि मग तमिळ थांबलं.

"रडू नको रे, राजा. मी आहे नव्हे? माझ्या पाठीला पाठ लाव नि नीज."

मराठी! घरातली, स्वच्छ तंजावरी मराठी, तमिळ कार्टूनमध्ये.

जनकोजींनी दाराची चौकट धरली. हे शब्द कुणी लिहून दिलेले नव्हते. पासष्ट वर्षांपूर्वी, आई गेली त्या रात्री, अकरा वर्षांचा जनकोजी पाच वर्षांच्या सत्याला हेच म्हणाला होता. ते जनकोजी स्वतः विसरून गेले होते. सत्या विसरला नव्हता.

मग काय, म्हातारा कोसळलाच. टीव्हीसमोर फरशीवर बसून "सत्या रे, सत्या" म्हणत तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला, तेही एका चितारलेल्या कासवासमोर. कार्तिकेय सावरायला धावला, तर आईनं त्याला खुणेनं थांबवलं.

बिस्किटांच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा तिनं टीव्ही बंद केला.

"हे मराठी कसं चालवून घेतलं त्यांनी?" जनकोजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पहिल्या वर्षी असाच एक प्रसंग होता. बोलता बोलता यांच्या तोंडून घरचंच निघून गेलं. स्टुडिओतल्या लोकांना वाटलं, ही कासवांची भाषा. म्हणाले, सर, छान वाटतंय, राहू दे. तेव्हापासून कुणी रडलं की कासव हेच म्हणतं." तिनं पंचा पुन्हा टीव्हीवर टाकला. "त्या दिवशी घरी आले, तर एकच धोशा. अण्णा बघतील ना ग? अण्णांना ओळखू येईल ना?"

"मग?"

"तो भाग लागून गेला, तुमचा काही फोन आला नाही. यांना जेवण जाईना. शेवटी मी सांगितलं, दुपारी अण्णांचा फोन आला होता, बघितलं म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. पण तुम्ही विषय काढू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल." तिनं पदर तोंडाशी धरला. "खोटं बोलले, अण्णा. पोटात घाला."

जनकोजींनी उभ्या आयुष्यात खोट्याला क्षमा केली नव्हती. आज त्यांनी एवढंच विचारलं,

"त्याला खरं वाटलं?"

"वाटलं. चार घास जास्तच जेवले त्या दिवशी."

"बरं केलंस, पोरी," जनकोजी म्हणाले. "फार बरं केलंस."