मास्तर रोज बुडायचे

पोहायला शिकवणाऱ्या माणसाला बुडण्याची स्वप्नं पडावीत, यापरतं हसं दुसरं नाही. म्हणून मास्तरांनी पहिले दोन महिने कुणाला काही सांगितलंच नाही.

स्वप्न दर वेळी वेगळं असायचं, शेवट मात्र तोच. कधी ते तलावाच्या तळाशी शिट्टी शोधत असायचे आणि वर पाहावं तर पाण्यावर काचेचं झाकण. कधी घरातल्या जिन्यावरून पाणी चढत यायचं. एकदा तर ते शाळेतल्या बाकावर गणिताचा पेपर सोडवत होते, आणि पाणी आधी गुडघ्यापर्यंत, मग हनुवटीपर्यंत आलं, तरी पर्यवेक्षक म्हणत होते, "वेळ संपलेली नाही, बसून राहा." छाती फुटायला यायची आणि मास्तर दचकून उठायचे. घसा कोरडा, बनियन घामानं चिंब.

शेवटी बायकोला सांगितलं. मास्तरांच्या घोरण्याला कंटाळून ती दोन वर्षांपासून शेजारच्या खोलीत झोपत होती. ती म्हणाली, "अहो, मनी वसे ते स्वप्नी दिसे. मनात कसली तरी भीती असेल."

ती सहज बोलून गेली, पण मास्तरांच्या मनात ते घर करून बसलं. तीस वर्षं पाण्यात काढली आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी आपण पाण्याला घाबरायला लागलो! दुसऱ्या दिवशी तलावावर गेले आणि खोल बाजूला पाय टाकवेना. काठावर उभं राहून, बांबू हातात धरून शिकवायला लागले. कुणी विचारलंच तर "कंबर धरलीय" म्हणून वेळ मारून न्यायचे.

एक दिवस नवीन आलेल्या आजीबाई पायरीवर अडून बसल्या. निवृत्त ग्रंथपाल, वय अडुसष्ट, चष्मा दोरीला बांधलेला. "मास्तर, आधी तुम्ही उतरा. मग मी उतरते."

मास्तरांनी एक पाय पाण्यात घातला आणि काढून घेतला. "उद्या," म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "मी साहेबांना सांगून तिकीट खिडकीवर बदली मागतो. भित्र्या माणसानं दुसऱ्याला काय तारायचं?" नवऱ्याचा चेहरा इतका उतरलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मास्तरांची मेव्हणी आली. ती शिवणकाम करायची आणि ताईच्या घरचे पडदे शिवायचे म्हणून खिडक्यांची मापं घ्यायला आली होती. मास्तर सोफ्यावर उताणे पडून घोरत होते. हल्ली दिवसाही त्यांना कुठेही पेंग यायची. मेव्हणी स्टुलावर चढून टेप लावत होती आणि एकाएकी घोरणं थांबलं.

"सुटले बाई," असं म्हणून तिनं वळून पाहिलं. मास्तरांची छाती खालीवर होत होती, पण नाकातोंडातून हवेचा आवाज म्हणून नव्हता. ती आकडे मोजायला लागली. दहा. पंधरा. बावीस. ती स्टुलावरून उतरतेय तोच मास्तरांनी हात झाडले, बैलासारखा फुत्कार टाकला आणि ओरडले, "वर! वर ओढा मला!"

"भावोजी, अहो तुमचा श्वासच चालत नव्हता!"

"स्वप्न होतं गं," मास्तर ओशाळून म्हणाले आणि दहा मिनिटांत पुन्हा झोपले. या वेळी मेव्हणीनं मोबाइल काढला आणि सगळं टिपून घेतलं. जागे झाल्यावर मास्तरांनी ते पाहिलं. झोपेत घसा आवळल्यासारखा धडपडणारा तो जाडजूड माणूस आपणच आहोत, हे पटायला त्यांना दोनदा पाहावं लागलं.

झोपेच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी एक रात्र अंगाला वायरी लावून तपासणी केली. अहवाल हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तासाला चौतीस वेळा तुमचा श्वास अडतो. वजन वाढलंय, मान जाड झालीय. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट बंद होते. स्वप्नं पडतात त्या झोपेत तर जास्तच."

"पण मग पाणी का दिसतं?"

"स्वप्नांचं सगळं कोडं काही आम्हाला सुटलेलं नाही. पण झोपेतही मेंदूला शरीराकडून निरोप येत असतात. हवा कमी पडतेय, असा निरोप येतो. का, ते त्याला समजत नाही. मग हाताशी असेल त्यातून तो गोष्ट रचत असावा. तुमच्या हाताशी तीस वर्षांचं पाणी आहे. तुम्ही सुतार असता, तर कदाचित फळ्यांखाली दबला असता."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मी पाण्याला घाबरलेलो नाही?"

"घाबरलात, पण स्वप्नं पडल्यावर. आधी नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोबत आलेली मेव्हणी लगेच म्हणाली, "बघा भावोजी! मनी नाही, घशात वसे ते स्वप्नी दिसे!" डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या.

झोपताना नाकावर मुखवटा आणि त्याला हवा फुंकणारं यंत्र आलं. पहिल्या रात्री मास्तरांनी तो दोनदा उपटून फेकला. तिसऱ्या रात्री जमलं. पाचव्या दिवशी ते उठले तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती. बायको चहा घेऊन दारात उभी.

"स्वप्न?" तिनं भीत भीत विचारलं.

"पडलं ना. आपण दोघं दुकानात चपला बघतोय आणि तुला एकही पसंत पडत नाहीये."

"ते स्वप्न नव्हे, आपला संसार आहे," ती म्हणाली आणि पलंगावर त्यांच्याशेजारी टेकली. कित्येक महिन्यांनी घरात मोकळं हसू ऐकू आलं.

मास्तर तलावावर पोचले ते तासभर उशिरा. ग्रंथपाल आजीबाई पायरीवरच बसल्या होत्या. मास्तरांनी शर्ट काढला, खोल बाजूला गेले आणि सरळ उडी घेतली. पाणी गार होतं. कानांत तो ओळखीचा घुमारा भरला, तळाच्या फरशा हाताला लागल्या आणि छातीत श्वास भरपूर शिल्लक होता. उगाचच ते थोडे जास्त वेळ खाली थांबले.

वर आले तेव्हा आजीबाई काठावर उभ्या राहून ओरडत होत्या, "अहो मास्तर, किती वेळ! जीव घेता का आमचा?"

"उतरा आता," मास्तर दोन्ही हात पुढे करून म्हणाले.

आजीबाईंनी चष्मा काढून ठेवला, पदराऐवजी टोपी नीटनेटकी केली आणि पाण्यात पाय टाकला.