सर्जेरावांच्या खोलीतली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. भवानीनगरच्या एका घरात, निजायच्या खोलीत, पलंगाच्या वर भिंतीला ठोकलेली. माझ्यावर आता काही ठेवलेले नसते. मला कुणी पुसत नाही आणि मलाही त्याचे काही वाटत नाही. पूर्वी वाटायचे.

मूळची मी उसाच्या बैलगाडीची, बाभळीची. गाडी मोडली तेव्हा तिची बाकीची लाकडे चुलीत गेली आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. १९९६ च्या मार्चमध्ये कुंडलिकने मला तिथून ओढून काढले. तो मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ. सुतारकामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे सर्वांत आधी तोच सांगायचा.

मुक्ताबाईंचे यजमान सर्जेराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तंबाखूने त्यांचा घसा खाल्ला होता. पुण्याला ऑपरेशन झाले, आवाज गेला, आणि गळ्याला भोक पाडून डॉक्टरांनी श्वासासाठी नळी बसवली. त्या नळीत कफ वाळून बसला तर जिवावर बेतेल, म्हणून खोलीतली हवा ओलसर ठेवायला सांगितले होते. बारामतीला दिलेली त्यांची मुलगी राजेश्वरी त्यासाठी पुण्याहून एक यंत्र घेऊन आली. त्यात पाणी भरून बटण दाबले की तोंडातून पांढरी वाफ निघायची. घरात सगळे त्याला वाफेचे मशीन म्हणत. ते ठेवायला फळी हवी होती, म्हणून माझी आठवण झाली.

कुंडलिकने माझ्यावर रंधा मारला. पाणी सांडेल म्हणून तीन वेळा वॉर्निश लावले. भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकल्या, लोखंडी अँगल बसवले. उंची ठरवायची वेळ आली तेव्हा सर्जेरावांनी पलंगाशेजारी कमरेएवढा हात दाखवला. कुंडलिकने मान हलवली.

"न्हाय दाजी. पोरंटोरं हात लावत्यात. रेडिओची फळी कशी डोक्याच्या वर असती, तशीच ही बी. वरनं वाफ पडली की सगळ्या खोलीत जाईल."

आवाज गेल्यापासून सर्जेराव जवळ पाटी ठेवत; तिच्यावर त्यांनी 'खाली' असे लिहून दाखवले.

"दाजी, तुमी कारखान्यात मिल चालवली. सुतारकी माझ्यावर सोडा की."

सर्जेराव हसले. आवाज नसलेल्या माणसाने वाद घालावा तरी किती? त्यांनी पाटी पुसली. मला ठोकून झाल्यावर कुंडलिक दोन्ही हातांनी मला लोंबकळला आणि बहिणीला म्हणाला, "बघ आक्के! भिंत पडंल, फळी पडायची न्हाय." मला फार अभिमान वाटला. गोठ्यात पडलेल्या लाकडाला एवढे कौतुक कुठले?

महिनाभर सगळे ठीक चालले. दिवसरात्र वाफ खाली उतरायची, सर्जेराव शांत झोपायचे. मुक्ताबाई सकाळ-संध्याकाळ पाणी भरायच्या.

मित्रांनो, आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला कापडी कव्हर शिवतात. टीव्हीला असते, मिक्सरला असते, शिलाई मशीनला तर असतेच. मुक्ताबाईंनीही मांजरपाटाच्या तुकड्यावर हिरवे पोपट भरले, कडेला क्रोशाची झालर लावली. एप्रिलमधल्या एका दुपारी ते पुरे झाले. त्यांनी स्टुलावर चढून ते मशीनवर घातले. मशीन चालूच होते, खाली पलंगावर सर्जेराव झोपले होते. शेजारच्या लीलाबाई दारात उभ्या होत्या.

"मुक्ताबाई, वाफ कोंडंल की."

"न्हाय गं, पातळ कापड हाय. कापडातनं येतीच की वाफ. धुरळा किती हाय बघ, एवढी महागाची वस्तू उघडी कशी ठेवायची?"

बसायला स्टूल घेऊन दोघी दारापुढच्या ओट्यावर गेल्या. पोपट भिजले, झालर ठिबकू लागली, सगळे पाणी माझ्यावर उतरले. खोलीत मात्र वाफेचा टिपूस नव्हता. बाहेर ऊन असे होते की कावळासुद्धा बोलत नव्हता.

सर्जेराव दोन तासांनी दचकून उठले. गळ्याशी हात नेला. वर पाहिले आणि त्यांना कळले. ते दाराकडे गेले असते तर कदाचित वेगळे झाले असते. पण त्यांना आधी ते कापड काढायचे होते. पलंगावर त्यांना गुडघ्यांवरच उभे राहता आले; त्यांनी हात उंचावला. झालर बोटांपासून वीतभर लांब राहिली. मग त्यांनी माझा अँगल धरला आणि सगळा भार टाकला. मी पडले असते तर मशीन फुटले असते, मोठा आवाज झाला असता, ओट्यावरच्या दोघी धावत आल्या असत्या. मी हललेसुद्धा नाही. इतकी मजबूत होते मी.

त्यांचे हात सुटले. ते पलंगावर बसले, मग आडवे झाले. मुक्ताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मशीन चालू होते.

संध्याकाळी राजेश्वरी आली. डॉक्टर नळीत कफ वाळून जीव गेल्याचे सांगून गेले होते. ती बराच वेळ वडिलांजवळ बसली. मग तिची नजर वर गेली. स्टूल आणून तिने कापड उचलले, तेव्हा त्यातून पाणी गळत होते. मग तिने ते पिळले, घडी केली आणि आपल्या पिशवीत तळाशी घातले.

तेवढ्यात मुक्ताबाई आत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. झोपेत बोलावे तसे त्यांनी विचारले, "राजा, मशीन तर चालू हुतं की गं?"

"व्हय आई," राजेश्वरी म्हणाली. "चालू हुतं."

त्या दिवसापासून माझे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. मशीन कुणाला तरी देऊन टाकले. पाण्याने माझी एक कड फुगली, वॉर्निश सुटले. सुतळीचा गुंडासुद्धा कुणी माझ्यावर ठेवला नाही. कुंडलिक या खोलीत येत नाही.

मित्रांनो, वस्तू माणसासाठी असतात. त्या आजाऱ्याच्या हाताला येतील अशा ठेवाव्यात, आणि ज्याला बोलता येत नाही त्याने पाटीवर लिहिलेले दोनदा वाचावे. एवढेच मला सांगायचे होते. आणि एक विनंती आहे. मुक्ताबाई अजून याच घरात आहेत. राजेश्वरी माहेरी आली की त्या तिला तेच विचारतात, आणि ती तेच उत्तर देते. तुम्ही कधी इकडे आलात आणि त्यांनी तुम्हाला विचारले, तर तुम्हीही म्हणा, मशीन चालू होते.