इनामदाराची खुर्ची

सांगलीतल्या मांजरांच्या कॅफेत कुणी 'येते' म्हणून निघालं, की खोली एका खुर्चीने लांब होते. मांजरं शब्द खरा धरतात आणि त्या माणसासाठी जागा राखतात. माणूस परत आला, तरच खुर्ची जाते. पण माणसं कॉफी पितात, मांजर मांडीवर घेऊन फोटो काढतात, "येते हं पुढच्या रविवारी" म्हणतात आणि जिना उतरून विसरतात.

मी टोपली घेऊन गेले तेव्हा पलीकडची भिंत दिसत नव्हती.

"इनामदार अगदी शेवटी आहे, काकू," कॅफे चालवणारी ऋता म्हणाली. "त्याला सगळ्यात जास्त जणांनी शब्द दिलाय. दूध तिथवर पोचेपर्यंत त्याचं दही होतं. चार दिवस त्याने तोंड लावलेलं नाही."

इनामदार म्हणजे एका डोळ्याचा म्हातारा बोका. मागच्या रविवारी एवढी खोली चालत तो माझ्या पायाशी येऊन बसला, आणि हा आपला, हे मी तिथेच ठरवून टाकलं. 'येते' म्हणून निघाले ती त्याच्यासाठी घरच्या खिडक्यांना जाळी लावून घ्यायलाच.

"जाळी लागली?"

"लागली. डॉक्टरांशीही बोलले. आज त्याला घरी नेणार म्हणजे नेणार."

"आज नाही गेला तर उद्या तो मलासुद्धा सापडायचा नाही."

"अगं, जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली मी. मला लांबीचं कौतुक सांगू नकोस."

मी चालू लागले. दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि प्रत्येकीवर राखणीला बसलेलं एक मांजर. खालच्या गिरणीचं पीठ उडून सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवर इनामदार होता. ती माझी खुर्ची होती.

"आले बघ," मी म्हणाले. तो उठून टोपलीत बसला आणि खुर्ची नाहीशी झाली. मी शब्द पाळला होता. मला फार बरं वाटलं.

परत फिरले तशी पहिल्या मांजराने मान वर केली. "येते रे बाळा," मी म्हणाले. दार एका खुर्चीने लांब गेलं. पुढच्यालाही तेच म्हणाले. दार आणखी लांब गेलं. शेवई ओढावी तशी खोली लांबता लांबता अरुंद होत होती. खुर्च्या माझ्या गुडघ्यांना लागू लागल्या. टोपलीत इनामदाराचा श्वास घरघरत होता.

"काकू, 'जाते' म्हणा!" ऋता लांबून ओरडली.

"शुभ बोल! निघताना जाते म्हणतात का कधी?"

"मग काहीच बोलू नका!"

तेही करून पाहिलं. पण एवढी मांजरं तोंडाकडे बघत असताना मुकाट निघून जाणं माझ्या रक्तात नाही. येते, येते, येते. दार काडेपेटीएवढं झालं.

"काकू, मांजर दत्तक जातंच ना? त्यात अशुभ काय आहे?"

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मी 'जा'पर्यंत पोचले. पुढचं अक्षर काही केल्या फुटेना. मला स्वतःचा भयंकर राग आला.

तेव्हा इनामदाराने टोपलीतून डोकं बाहेर काढलं. एका डोळ्याने त्याने सगळी खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जातो."

राखलेल्या सगळ्या खुर्च्या एकदम गेल्या आणि खोली मिटली. दार माझ्या नाकासमोर होतं आणि ऋता दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. टोपलीचं झाकण बंद होतं. ती रिकामी असावी इतकी हलकी लागत होती, आणि तरी आतून इनामदार सावकाश, लपलप करत दूध पीत असल्याचा आवाज येत होता.