वरचा एक युरो

माणसाला स्वतःपासून वाचवणं, यापरतं मोठं काम आजच्या काळात दुसरं नाही, असं लिहिलेली स्लाइड गिरीशने पुढे सरकवली. पुढच्या स्लाइडवर एका बटणाच्या हिरव्या रंगाच्या चार छटा होत्या. मीटिंगमधल्या लोकांच्या चेहऱ्यांवर जान आली ती या स्लाइडला.

"तिसरी," डेक्लन म्हणाला. "तिसरी शांत वाटते."

"दुसरी आणि तिसरी एकच आहे. चुकून दोनदा आली."

"असू दे. तिसरीच."

डेक्लन हा गिरीशचा साहेब. कंपनी डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या एका काचेच्या इमारतीत, लुआस ट्रामच्या थांब्यापासून चालत सहा मिनिटांवर. कंपनीचा धंदा मोबाइलवरच्या जुगाराचा. मात्र तो शब्द इमारतीत कोणी उच्चारत नसे. 'मनोरंजन' म्हणत. गिरीशचा विभाग त्यातल्या त्यात सात्त्विक: खेळणाऱ्याने हद्दीत राहावं म्हणून साधनं बनवायची. आठवड्याला किती पैसे घालायचे याची मर्यादा, काही दिवस थांबण्याचं बटण, आणि दर अर्ध्या तासाने खेळाच्या मध्येच उगवणारी एक चौकट. ती विचारते, 'सगळं ठीक आहे ना?' या एवढ्याशा प्रश्नावर गिरीशने पाच आठवडे घालवले होते. आधीच्या खर्ड्यात 'तुम्ही' हा शब्द होता. तो आरोपासारखा वाटतो असं चाचणीत निघालं, म्हणून काढला.

पूर्वी मर्यादा कमी करायची तर अॅपमध्ये एकामागून एक सात पडदे ओलांडावे लागत. गिरीशने ते दोनवर आणले होते. दोनशे चाळीस जणांना हे नवं रूप सहा आठवड्यांसाठी दिलं होतं, आणि डेक्लनची अट माफक होती. या सहा आठवड्यांत एका तरी माणसाने आपण होऊन मर्यादा कमी केलेली दाखव. नाहीतर पुन्हा सात पडदे. पाच आठवडे झाले होते.

"वाढवणारे सत्तावीस," एमरने वाचलं. ती आकडेवारी बघायची. कॉर्कची मुलगी, वाईट बातमीही गाण्याच्या चालीवर सांगायची. "कमी करणारे, शून्य. आणि आपला तो युअर मॅन आहेच. एकावन्नवाला. आता एकशे एकावन्न झालाय."

कोणी हसलं. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत तो आपला अमका. या अमक्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. नावं त्यांना दिसतच नसत. दिसायचा तो एक क्रमांक, वेळ आणि रक्कम. क्रमांक चारशे सतरा. सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यायचा. एक चाळीसला 'सगळं ठीक आहे ना?' उगवलं की ती चौकट एका सेकंदाच्या आत बंद करायचा. मग मर्यादेच्या पडद्यावर जायचा, कमी करण्याच्या हिरव्या बटणाशी तीन-तीन, चार-चार मिनिटं थांबायचा, आणि काही न करता परत फिरायचा. इतका वेळ त्या पडद्यावर दुसरं कोणीच थांबत नसे. गिरीशच्या दोन पडद्यांची सगळी आशा त्या चार मिनिटांवर होती.

"पण एकावन्न का?" डेक्लनने विचारलं. "पन्नासचं तयार बटण समोर असताना रकमेची चौकट उघडून टाइप करायचं, आणि तेही एकावन्न?"

"आधी एकवीस होते," एमर म्हणाली. "मग एकावन्न, मग एकशे एक, आता हे."

"बोट घसरत असेल."

"चार वेळा?"

"मग गिरीशचं डिझाइन घसरडं आहे."

सगळे हसले. गिरीशही हसला आणि म्हणाला, "बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. एकवीस ऐकलं तेव्हाच त्याला कळलं होतं. पण वीस लोकांसमोर, त्यातले निम्मे ओट-मिल्कची कॉफी पीत असताना, आमच्याकडे देण्याघेण्याच्या रकमेवर एक ठेवतात, असं सांगायला त्याची जीभ रेटेना. घरातलं मळकं फडकं पाहुण्यांपुढे आल्यासारखं वाटलं. शिवाय त्या माणसाबद्दल त्याला आपुलकी वाटायला लागली होती. त्याने त्याला मनात उभाही केला होता: सत्तावीस-अठ्ठावीसचा, नागपूरकडचा, मास्टर्स करून इथेच राहिलेला, चौघांत एक फ्लॅट. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून खेळणारा. लक्ष्मी घालवतानाही तिचा मान ठेवणारा.

ल्यूकनच्या घरी तो पोचला तेव्हा देवयानी काकडी चोचवत होती. पुण्यात अकरा वर्षं तिचा स्वतःचा दातांचा दवाखाना होता. इथे प्रॅक्टिस करायची तर नोंदणीची परीक्षा द्यावी लागते. ती द्यायची आहे, असं ती चार वर्षं म्हणत होती, आणि तोवर जवळच्याच एका डेंटल क्लिनिकच्या काउंटरवर बसत होती. लोकांना तारखा द्यायची. क्लिनिक एक ते दोन बंद असे. तेवढ्यात ती गाडीत बसून डबा खायची. परीक्षेची पुस्तकं प्रेसमध्ये, म्हणजे ओट्याखालच्या कपाटात, बासमतीच्या पिशवीमागे होती.

"गिरीश, एक युरोचं नाणं आहे का रे?" तिने मान वर न करता विचारलं. "शनिवारी केतकीच्या स्वरांगीचा वाढदिवस. पन्नासची नोट आणली, वरचा एक राहिला."

गिरीशने खिसे चाचपले. नाणं नव्हतं, पण गोष्ट होती.

"अगं, गंमत ऐक. आमच्या अॅपवर आपल्यातला एक जण आहे."

"कोण?"

"काय माहीत कोण. जुगारात पैसे घालायची मर्यादा काय ठेवतो माहितीये? एकवीस. एकावन्न. एकशे एक. आमचे गोरे डोकं खाजवतायत. म्हणे बोट घसरतं."

तन्वी टेबलावर फोन उताणा ठेवून हसली. ती तेरा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर देताना तोंडातून डब्लिनच निघायचं.

"ओह माय गॉड. दॅट्स सो आई."

"म्हणजे काय तर," गिरीश म्हणाला. "तुझ्या आईच्या हातात असतं तर तिने पेट्रोलसुद्धा एकावन्नचं भरलं असतं."

"शी डझ, बाबा!"

गिरीश मनापासून हसला. त्याला बऱ्याच दिवसांनी घरी काहीतरी सांगण्यासारखं मिळालं होतं. त्याने एक दहाची वेळ सांगितली, जिन्यात बसणारा नागपूरचा मुलगा सांगितला, हिरव्या बटणापाशी घुटमळणं सांगितलं.

"नावं दिसतात का तुम्हाला?" देवयानीने विचारलं.

"छे. नाव नाही, गाव नाही. वेळ आणि आकडा."

"बरं."

"अजून कोणाला बोललो नाही मी. आपलंच हसं. पण मला त्याचं एक कळत नाही. जे पैसे परत यायचेच नाहीत, त्याच्यावर एक ठेवून काय उपयोग?"

"शून्यावर संपू नये म्हणून ठेवतात," ती म्हणाली. सुरी चालूच होती. "आणि त्याने कमी केली मर्यादा, तर?"

"तर माझे दोन पडदे वाचतील."

"त्याचं काय होईल?"

"त्याचं... बरंच होईल की."

"हं."

काकडी त्या दिवशी इतकी बारीक झाली की, हे सूप आहे का, असं तन्वीने विचारलं. त्यावर कोणी हसलं नाही, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. एक वाजून बारा मिनिटांनी एमरने खुर्ची फिरवली.

"गिरीश! युअर मॅन सुधारला."

तिच्या स्क्रीनवर चारशे सतराची ओळ होती. मर्यादा, एकशे पन्नास.

अॅपचा नियम असा होता की मर्यादा वाढवली तर चोवीस तास थांबावं लागे. कमी केली तर ती तत्क्षणी लागू होई. हा नियम गिरीशच्या आग्रहाने आला होता. माणसाचा चांगला विचार अडवून ठेवू नये, असं त्याने तेव्हा लिहून दिलं होतं.

"कमी केली!" एमर म्हणाली. "स्वतःहून! डेक्लन, इकडे ये रे."

डेक्लन आला, त्याने गिरीशच्या पाठीवर थाप मारली, ग्रँड म्हणाला (इथे उत्तमलाही ग्रँड आणि ठीकलाही ग्रँड), आणखी एकदा ग्रँड म्हणाला आणि सूप आणायला गेला.

गिरीश उभा राहिला होता, तसाच उभा होता. त्या वरच्या एकाची गोष्ट त्याने आजवर फक्त दोन माणसांना सांगितली होती. त्यातलं एक या क्षणी शाळेत होतं, आणि शाळेत फोन कपाटात ठेवावे लागत. त्याने हे आणखी एकदा मोजून पाहिलं. दोनच माणसं होती.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि लिहिलं, 'जेवलीस?'

एमरच्या स्क्रीनवर चारशे सतराच्या ओळीपुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला. म्हणजे खेळणारा अॅपमधून बाहेर पडून फोनवर दुसरं काही करत होता.

'हो. तू?'

ठिपका पुन्हा हिरवा झाला.

'हो,' गिरीशने लिहिलं. त्याचं सँडविच टेबलावर वेष्टनासकट होतं.

तो तिथून हलला नाही. एक चाळीसला चौकट उगवली, 'सगळं ठीक आहे ना?' ती शून्य पूर्णांक सहा सेकंदांत बंद झाली. त्यानंतर मर्यादेच्या पडद्याकडे आज कोणी फिरकलं नाही. तिथे बघण्यासारखं काही उरलं नसावं. एक पंचावन्नला ठिपका गेला. दोनला क्लिनिक उघडतं.

"तू बरा आहेस ना?" एमरने विचारलं.

"ग्रँड," गिरीश म्हणाला.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी आला. एम-फिफ्टी हायवेवर गर्दी होती, तीही नेहमीचीच. तन्वी वर तिच्या खोलीत होती. देवयानी ओट्याशी डबा घासत होती, आणि टेबलावर स्वरांगीचं पाकीट तयार होतं. उजव्या कोपऱ्यात पारदर्शक चिकटपट्टीखाली एक युरोचं नाणं होतं, नीट, मधोमध.

"नाणं मिळालं?"

"गाडीत होतं."

गिरीशने खुर्ची ओढली आणि बसला. अशा वेळचं वाक्य कसं असावं हे आख्ख्या आयर्लंडमध्ये त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यावर तो लिमरिकला एका परिषदेत बोलूनही आला होता. वाक्य छोटं हवं. त्यात 'तू' नको. ठपका नको. आणि खाली दोन बटणं हवीत, म्हणजे समोरच्याला वाट राहते. त्याच्याकडे वाक्य होतं. बटणं नव्हती.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," देवयानी म्हणाली.

किती वेळ लागला, हे बघायला त्याला घड्याळाची गरज नव्हती.

तिने डब्याचं झाकण घासलं, धुतलं, पालथं घातलं. मग घासलेलंच झाकण पुन्हा घेतलं.

"तुझा तो नागपूरवाला काय म्हणतो?" पाठमोरीच तिने विचारलं.

खिडकीबाहेर शेजारच्या घराचा रिकामा निळा कचऱ्याचा डबा वाऱ्याने आडवा झाला होता. गिरीश त्याच्याकडे बघत राहिला. आपल्याला काय विचारलं आहे ते त्याला कळत होतं, आणि काय उत्तर दिलं की हे सगळं उघडेल, तेही कळत होतं.

"आज दिसला नाही," तो म्हणाला.

नळ बंद झाला. देवयानी तशीच उभी होती, दोन्ही हात ओट्याच्या कडेवर. ती वळेल, असं त्याला वाटलं. मग तिने पंचा घेतला आणि हात पुसले, एकेक बोट वेगळं करून, पूर्वी दवाखान्यात पेशंट गेल्यावर पुसायची तसे.

"कढी गरम करू?"

"कर."

तन्वीला हाक मारावी लागली नाही. वासानेच ती खाली आली. शनिवारी तिघं स्वरांगीच्या वाढदिवसाला गेले. केतकीच्या टेबलावर तिसाएक पाकिटं होती आणि प्रत्येकावर एक नाणं होतं. कोणीतरी ती सगळी एकदम उचलली, तेव्हा मोठा आवाज झाला.

पुढच्या मंगळवारी प्रयोग संपला. डेक्लनने स्लाइड स्वतः केली आणि सगळ्या मजल्याला बोलावून दाखवली. पार्श्वभूमीला तिसरी छटा होती. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'स्वतःहून मर्यादा कमी करणारे, एक.' दोन पडदे कायम झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एमरने शिट्टी मारली. चारशे सतरा त्या दिवशीही एक दहाला आला होता.

मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर करून विचारलं, "किती कमी केली?"

डेक्लनने गिरीशकडे पाहिलं.

"एक युरो," गिरीश म्हणाला.