बसवलेली ओळ

लेक गेल्यावर तिनं हॉस्पिटलमागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आजारी मुलांच्या आईबापांना तिथे पाठ टेकता यायची, चहा मिळायचा, मनमोकळं रडता यायचं. सगळे तिला ताई म्हणत. आता भाडं डोईजड झालं, आणि गरजवंताला अक्कल नसते, म्हणून ताई संस्थांसाठीच्या कार्यशाळेत देणग्या मागायला शिकायला जाऊन बसली.

तिथली प्रशिक्षक म्हणजे जिभेवर साखर. फळ्यावर नियोजनाचे चौकोन काढून झाल्यावर म्हणाली, "ताई, आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गोष्ट सांगा. लेक जाताना काय म्हणाली?"

"काही नाही. झोपेतच गेली."

"अगं बाई! मग लोकांना रडू कसं येणार?" तिनं क्षणभर विचार केला. "बाबा ड्युटीवर होते ना? मग समजा, तिनं विचारलं, 'बाबा कधी येणार?'"

ताई तिथून उठूनच जाणार होती. पण खोल्यांत त्या दिवशीही चार आया जमिनीवर निजल्या होत्या. एवढ्याशा थापेनं कुणाचं काय वाकडं होणार, म्हणून तिनं ओळ घोकली. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं बसवून घेतलं.

देणगीदारांसमोरच्या कार्यक्रमात आवंढा बसवलेलाच होता, रडू मात्र खरं आलं. पुढच्या रांगेत रुमाल निघाले, देणग्या जाहीर झाल्या, खोल्या वाचल्या. पण तिच्या कुठल्याही कार्यक्रमाला कधी न फिरकलेला तिचा नवरा, बसड्रायव्हर, नेमका त्या दिवशी रजा टाकून मागे उभा होता. बायकोच्या कौतुकापोटी आला होता बिचारा!

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "ती माझी वाट बघत होती?"

"नाही हो! ते त्या बाईनं बसवून दिलेलं. ती झोपेतच गेली, मी तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंस. मला जपलंस तेव्हा." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "इतकी वर्षं एकटीनं पोटात ठेवलंस."

ताईनं लेकीची शपथ घेतली, कपाळ बडवून घेतलं, त्याला गदागदा हलवलं. काही उपयोग झाला नाही.

"पुरे गं. तुझं रडणं बघितलंय मी, ते खोटं नव्हतं." त्यानं तिचे हात आपल्या खांद्यांवरून सोडवले. "त्या दिवशी एक फेरी दुसऱ्या कुणाला देता आली असती. मी विचारलंच नाही."