वीस मिनिटांची हुशारी

फेरीबोटीतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं कप्तानालाही कळत नाही, असं आर्विड स्कोगलंडचं मत होतं. शुक्रवारी दुपारी बेलिंगहॅमच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत आपल्या ट्रकमध्ये बसून तो बायकोला, मार्लिसला, हेच समजावत होता. मार्लिसही गेली तीस वर्षं याच बोटीने घरी, रँगलला, जात-येत होती, पण याची त्याला आठवण नसावी.

"प्रत्येक गाडीच्या काचेवर उतरायच्या बंदराचं कार्ड असतं, बरोबर? केचिकन आधी येतं, म्हणून त्या गाड्या दारापाशी लावतात. आपल्याला रँगलला उतरायचंय, म्हणजे आपण पार मागे कोंडले जाणार." एवढं बोलून त्याने वरच्या खणातून गेल्या वर्षीचं केचिकनचं कार्ड काढलं आणि रँगलचं कार्ड झाकेल असं त्याच्यापुढे टेकवलं. "केचिकनच्या गाड्या गेल्या की दारात आपण एकटे. वीस मिनिटं वाचली!"

"रविवारी पोचणार आपण. ऑफिस सोमवारी उघडतं. वीस मिनिटांचं काय लोणचं घालणार आहेस?"

"तुला नाही कळायचं."

ऑफिस बंदराचं होतं. आपली छोटी बोट धक्क्याला लावून ठेवायला कायमची जागा मिळावी म्हणून दोघांनी मिळून अर्ज केला होता, त्याला अकरा वर्षं झाली होती. तोवर त्यांची बोट परक्या बोटींच्या धक्क्यावर, आज इथे तर उद्या तिथे. वारा सुटला की दोर बघायला मार्लिस उठायची. आर्विडची झोप गाढ होती. आता नंबर लागला होता. सोमवारी बारापर्यंत स्वतः येऊन सही केली नाही, तर जागा पुढच्या माणसाला जाणार होती. ट्रकमध्ये त्या बोटीचं नवं इंजिन होतं; जुनं बंद पडलं होतं.

दोन रात्री त्यांनी वरच्या डेकवर, चिकटपट्टीने जमिनीला चिकटवलेल्या तंबूत काढल्या. नवख्या प्रवाशांना तंबू कसा लावायचा हे आर्विडने न विचारता शिकवलं. त्याचा स्वतःचा मार्लिसने लावला होता.

रविवारी सकाळी केचिकनला गाड्यांच्या डेकवर डेल्फीन नावाची खलाशी त्यांच्या ट्रकपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"चल काका, काढ गाडी. मागे नऊ जण अडकलेत."

"मी रँगलला जातोय."

"कार्ड केचिकन म्हणतंय."

"ते... खाली दुसरं आहे."

डेल्फीनने दोन्ही कार्डं बघितली. "वा! म्हणजे बेलिंगहॅमला रँगलच्या रांगेत तू दिसला नाहीस, म्हणून तुझ्या जागेवर आम्ही एक व्हॅन घेतली. आणि तू आत्ता उभा आहेस ती जागा इथून चढणाऱ्या गाड्यांना दिलीय. आधी बाहेर काढ. मग उभा राहा धक्क्यावरच्या रांगेत, शेवटी."

त्याच्या पुढे चौदा गाड्या होत्या. चार चढल्या आणि दार बंद झालं. पुढची बोट बुधवारी. मार्लिस पायी प्रवाशांच्या जिन्याने केव्हाच वर गेली होती. माणसाचं तिकीट गाडीपेक्षा वेगळं, आणि तिचं रँगलपर्यंत पक्कं होतं. कठड्यावरून तिला खाली आर्विड दिसला. तो पुढच्या ट्रकवाल्याला हात नाचवत काहीतरी समजावत होता.

सोमवारी साडेअकराला ती रँगलला बंदराच्या ऑफिसात होती. तिचा फोन वाजला. आर्विड होता.

"सही करू नकोस हं! त्यांना म्हणावं, बुधवारपर्यंत थांबा. दोन जागा असतील तर क्रेनजवळची घ्यायची. तुझ्याच्याने नाही व्हायचं ते."

"थांब जरा," असं म्हणून तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"क्रेनजवळची, की आतली, भिंतीआडची?" ऑफिसातल्या बाईने विचारलं. "तिथे वारा नाही लागत. पण माणसंही फिरकत नाहीत गप्पांना."

"आतली."

"सही कोण करणार? अर्जावर दोघांची नावं आहेत, कुणाही एकाची चालेल."

मार्लिसने पेन उचललं. फोनमधून क्रेनचे फायदे बारीक आवाजात चालूच होते. सही झाल्यावर तिने फोन कानाला लावला.

"मग? थांबतायत का ते?" आर्विडने विचारलं.

"नाही. सही केली मी. आतली जागा घेतली."

"मला न विचारता?"

"बोट ओढून न्यायला शेजारच्या लार्सनना सांगते आता. भरती आहे तोवर उरकायला हवं," ती म्हणाली आणि फोन बंद करून धक्क्याकडे निघाली.